सोलरसाठी सोडियम बॅटरी घ्यावी की लिथियमच बरी?

ऊनपकड्या: सोडियम आली म्हणजे लिथियमचे दिवस भरले असं हल्ली जो तो म्हणतोय. गाडीच्या बाबतीत मला नाही पटत, सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड, तेवढ्याच विजेला बॅटरी मोठी होते आणि गाडीला ते ओझं कायम वाहायचंय. पण सोलरची बॅटरी एकदा बसवली की जागची हलत नाही, मग वजनाचं काय घेऊन बसायचं? शिवाय सोडियम मुबलक आहे, ॲनोडला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला, तांब्याच्या फॉइलऐवजी ॲल्युमिनियम चालतं. साठवणुकीला सोडियमच, माझं ठाम मत.

सर्किटवाला: वजन सोडा हो, व्होल्टेज बघा! एलएफपीचा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट या लिथियम बॅटरीच्या प्रकाराचा, सेल बराच वेळ 3.2 च्या आसपास टिकून राहतो, सोडियमचे बरेच सेल 4 पासून 1.5 पर्यंत उतरत जातात. 16 सेल सिरीजमध्ये लावले तर फुल असताना 64 आणि रिकामे होताना 24 व्होल्ट, आणि 48 व्होल्टवाले बरेचसे इन्व्हर्टर साधारण 40 ते 60 मध्येच चालतात, म्हणजे वरची थोडी वीज भरताच येत नाही, खालची काढता येत नाही आणि पैसे मात्र अख्ख्या बॅटरीचे मोजलेत.

ऊनपकड्या: तो दोष इन्व्हर्टरचा, बॅटरीचा नाही. जास्त रेंजचा इन्व्हर्टर घ्या.

सर्किटवाला: म्हणजे बॅटरीसाठी चांगला चालणारा इन्व्हर्टर काढून टाकायचा? मग स्वस्ताई कुठे राहिली? आणि सोडियमचा एवढा गाजावाजा झाला तो 2022 मध्ये लिथियम कार्बोनेटचे भाव आभाळाला भिडले म्हणून, पुढच्या वर्षी ते धाडकन कोसळले तशी सोडियमची मोठी जमेची बाजूच गेली.

हिमवाट: दोघंही थंडी विसरलात. शून्याखाली एलएफपी जोरात चार्ज केली तर ॲनोडवर लिथियमचा धातू साचतो, क्षमता कायमची जाते. म्हणून हीटर लागतो, तो त्याच बॅटरीची वीज खातो. सीएटीएल या चिनी बॅटरी कंपनीने 2021 मध्ये सोडियम सेल आणला तेव्हा उणे 20 अंशालाही 90 टक्क्यांहून जास्त क्षमता मिळते असा दावा केला होता, आणि किलोमागे 160 वॅट-अवर, जे एलएफपीच्या फार मागे नाही. त्यामुळे थंड भागातल्या छोट्या गाड्यांनाही मी सोडियमच म्हणेन, गाडीतून तिला बाद करू नका.

ऊनपकड्या: छोट्या गाडीचं मान्य. लांब पल्ल्याला नाही.

सर्किटवाला: थंडीचा मुद्दा खरा आहे. पण जिथे पारा शून्याखाली जातच नाही तिथल्या माणसाने आज नवीन सोलर बसवताना, इतकी वर्षं वापरून पारखलेली एलएफपी सोडून सोडियम का घ्यावी, याचं एक तरी ठोस कारण द्या.