प्रश्नानंतर जरा थांबा
वर्गात प्रश्न विचारला की ठरावीक मुलंच हात वर करतात, बाकीची गप्प, अशी आपली शिक्षकांची तक्रार असते. मला वाटतं, आपण थांबतच नाही. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. तेच ३ सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलतात.

आणि लगेच 'शाब्बास' नको, चर्चा तिथंच मिटते! 'बी अंधारात रुजेल का?' यावर कुणी 'नाही' म्हटलं तर 'का वाटतं तुला असं?' विचारा, मग दुसऱ्याला, 'तुला पटतंय का हिचं?' लहान वर्गांत आधी शेजाऱ्याशी बोलू द्या, म्हणजे भीड चेपते. वहीत रोज 'आज काय शिकलो' लिहून घेण्यापेक्षा 'कुठं अडलं?' हे विचारणं मला जास्त कामाचं वाटतं.