ग्रामसभेचं इतिवृत्त एआयकडून लिहून घ्यायचं आहे. रेकॉर्डिंग, मराठीतल्या चुका, कायदा?

माणदेशी_केंद्रचालक

नमस्कार मंडळी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेचं रेकॉर्डिंग करून त्यावरून एआयने इतिवृत्ताचा मसुदा तयार करावा, असं पंचायतीत चाललंय. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाचं 'सभासार' (ग्रामसभेच्या रेकॉर्डिंगवरून इतिवृत्ताचा मसुदा काढणारं एआय साधन) डोळ्यासमोर आहे. मतदार साधारण १,४००, गावठाण आणि चार वाड्या. सभा शाळेच्या पटांगणात, दोन-अडीच तास.

सध्या प्रोसिडिंगमध्ये 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' एवढंच येतं. वाड्यांवरची माणसं विचारतात, आम्ही बोललो ते गेलं कुठं? म्हणून हा खटाटोप. रेकॉर्डिंग नेमकं कसं घ्यावं, मशीन मराठीत कुठं फसतं, आणि अशा मसुद्याला कायद्याने वजन किती?

---

ध्वनिवेध

पहिली गोष्ट, भोंग्यासमोर मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग करू नका. पटांगणात भोंग्याचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि मशीनला एकच शब्द दोनदा ऐकू येतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 'लाइन आउट' किंवा 'रेकॉर्ड' लिहिलेली पिन असते, तिथून वायर काढून लाइन-इन असलेल्या रेकॉर्डरला द्या. तीच वायर थेट मोबाईलच्या माइक पिनला लावली तर आवाज फाटतो, कारण मोबाईलला माइकचा क्षीण सिग्नल हवा असतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कितीतरी पट सोडतो. सभेच्या आधी दोन मिनिटं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. फाटलेला आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट होत नाही.

सेटिंग १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. एका तासाला साधारण ११५ एमबी होतात, म्हणजे अडीच तासांची सभा ३०० एमबीच्या आत. यापेक्षा भारी सेटिंगचा उपयोग नाही, कारण आवाज ओळखणारी बहुतेक मॉडेल्स आतून १६ किलोहर्ट्झवरच चालतात.

आता खरी अडचण. मागच्या रांगेतला माणूस जागेवरून ओरडून बोलतो, ते वायरीत येतच नाही. त्यासाठी दुसरा, हातात फिरणारा माइक लागतो आणि तो फिरवायला एक माणूस नेमावा लागतो. बोलणाऱ्याने आधी नाव आणि वाडी सांगायची, हा नियम अध्यक्षांनी सुरुवातीलाच जाहीर करावा. कोण बोललं हे मशीन आवाजावरून वेगळं करू शकतं, पण 'वक्ता ४' म्हणजे कुठल्या वाडीचा, ते त्याला कोण सांगणार?

रेकॉर्डिंगचे तुकडे विषयपत्रिकेतल्या विषयांप्रमाणे पाडा. प्रत्येक विषयाच्या आरंभी 'विषय क्रमांक तीन' असं माइकवर मोठ्याने म्हटलं तरी कापायला सोपं जातं.

---

अक्षरओळख

मराठीत मशीन कुठं फसतं, तेवढं सांगतो.

व्हिस्पर (बोललेलं लिहून काढणारं मोफत एआय मॉडेल) वापरणार असाल तर भाषा हाताने 'मराठी' निवडा. आपोआप ओळखायला ठेवली तर ते पहिल्या ३० सेकंदांवरून भाषा ठरवतं. सुरुवातीला राष्ट्रगीत किंवा हिंदी घोषणा असेल, तर पुढची अख्खी सभा हिंदी वळणाने उतरते. लिपी देवनागरीच असल्यामुळे वरवर चाळणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. शिवाय लांब शांततेत किंवा नुसत्या पंख्याच्या आवाजावर व्हिस्पर न बोललेली वाक्यं रचतं, कधी तेच वाक्य दहा वेळा लिहितं. म्हणून सह्या घेण्याचा वेळ, चहाची सुट्टी आधीच कापून टाका.

आकडे सगळ्यात धोक्याचे. 'पावणेदोन लाख'चे दोन लाख होतात, 'अडीच'चे दोन. 'गट नंबर एकशे बारा, पोट हिस्सा दोन' हे ११२२ असं उतरू शकतं. रक्कम, गट नंबर आणि लाभार्थ्यांचं नाव या तीन गोष्टी दर वेळी कानाने ऐकून तपासा. पर्याय नाही.

त्याहून बारीक चूक सारांशात होते. बाई म्हणते, 'पाणंद रस्ता आधी व्हायला पाहिजे, नाही का?' आणि सारांशात येतं: पाणंद रस्त्याला विरोध. सरपंच म्हणतात, 'बघू, करू', आणि सारांशात येतं: काम करण्याचे आश्वासन दिले. चार जणांनी मान डोलावली, बाकी गप्प, की 'सर्वानुमते' तयार. सारांश काढणाऱ्या मॉडेलची ओढ एकमताकडे असते. विरोधी सूर गुळगुळीत करणं ही त्याची सवय, आणि तुमच्या वाडीवाल्यांची तक्रार नेमकी तीच आहे.

म्हणून सरळ सारांश मागू नका. आधी नुसता शब्दशः उतारा घ्या, मग असं सांगा:

'उताऱ्यात आहे तेवढंच लिही. प्रत्येक मागणी वेगळ्या ओळीत: कोणी, कोणती वाडी, काय मागितलं, मिनिट आणि सेकंद. विरोधात किंवा शंका म्हणून बोललेलं वेगळं लिही, मागणीत मिसळू नको. आकडा किंवा नाव अस्पष्ट असेल तर तिथे "तपासा" लिही. ठराव झाल्याचं स्पष्ट बोललं नसेल तर ठराव लिहू नको.'

मिनिट-सेकंद असले की तपासणारा थेट त्या जागी जाऊन ऐकतो. ते नसतील तर अडीच तास पुन्हा ऐकावे लागतात, आणि मग कोणीच ऐकत नाही.

---

ठराव_बुक

सभासार १४ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. ते भाषिणी या केंद्र सरकारच्या भाषांतर यंत्रणेवर उभं आहे, मराठी चालते आणि ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलच्या लॉगिनने आत जाता येतं.

कायद्याने नोंद म्हणजे सही झालेलं प्रोसिडिंग बुकच. एआयचा मजकूर हा कच्चा मसुदा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तो तपासून, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक घालून बुकात उतरवायचा आणि अध्यक्षांची सही घ्यायची. हजेरीचंही तसंच. गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यातलं जे कमी ते. तुमच्याकडे १५ टक्के म्हणजे २१०, म्हणून १०० पुरतात. ते हजेरीवरच्या सह्यांवरून ठरतं, आवाजावरून नाही.

मागण्यांची मिनिट-सेकंदवाली यादी छापून बुकाला परिशिष्ट म्हणून लावा, पानांवर अधिकाऱ्यांची सही-शिक्का घ्या. मग 'चर्चेअंती' या शब्दामागची चर्चा दिसते.

घरकुल यादी, कोणाचा आजार, कौटुंबिक वाद असलेला भाग बाहेरच्या फुकट चॅटबॉटवर टाकू नका. सभेत बोललं गेलं म्हणून ते परक्या कंपनीला द्यायची मोकळीक मिळत नाही. पंचायतीच्या लॅपटॉपवर ८ जीबी रॅम असेल तर व्हिस्परचं मध्यम मॉडेल इंटरनेटशिवाय चालतं. वेळ खातं, रात्री लावून ठेवा.

---

माणदेशी_केंद्रचालक

सगळ्यांचे आभार. अजून एक. बायका माइकसमोर बोलत नाहीत. मग त्यांचं उताऱ्यात येणारच नाही?

---

अक्षरओळख

नाही येणार, आणि एवढंच नव्हे, उतारा पाहून वाटेल की गावात फक्त पुरुषांनाच अडचणी आहेत. दोन उपाय करा.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायचीच असते. ती स्वतंत्र रेकॉर्ड करा. पंधरा-वीस जणी गोल बसतात, मधोमध मोबाईल चालतो, भोंगा नसल्यामुळे उतारा उलट चांगला येतो. त्यातली मागण्यांची यादी मुख्य सभेत सुरुवातीलाच मोठ्याने वाचा, म्हणजे ती आपसूक मुख्य रेकॉर्डिंगमध्येही येते.

दुसरं, सभेआधीचे सात दिवस पंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मिनिटाचे आवाजी निरोप मागवा. मशीनला ते विषयवार लावायला सांगा: पाणी, रस्ता, दिवाबत्ती, रेशन. पण नुसती संख्या वाचू नका. एका वाडीतून ४० निरोप आणि दुसरीतून दोन आले, तर त्याचा अर्थ दुसरीत अडचण कमी असा नाही, तिथे रेंज नाही असाही असतो. प्रत्येक वाडीचे निरोप वेगळे मोजा आणि जिथून काहीच आलं नाही, तिथे आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला विचारा.

---

ठराव_बुक

त्यात एक भर. यादी तयार झाली की त्याच आठवड्यात प्रत्येक वाडीच्या समाजमंदिरात वाचून दाखवा आणि 'माझं असं नव्हतं' म्हणणाऱ्याची दुरुस्ती तिथेच पेनाने करा. बुकात उतरवण्याच्या आधी. पुढच्या सभेत पहिला विषय मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो. तेव्हा तीच यादी घ्या आणि प्रत्येक मागणीपुढे काय झालं ते लिहा: आराखड्यात घेतली, तालुक्याला पाठवली, निधी नाही म्हणून थांबली. निधी नसेल तर खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली नाही, तेही लिहा.