फ्लॉरेन्समधील सान मार्को : धर्मकथा ठाऊक नसताना काय पाहावे आणि किती पाहावे?

दूरचा_प्रवासी :
पुढच्या महिन्यात आम्ही दोघे फ्लॉरेन्समध्ये तीन दिवस राहणार आहोत. उफीझी आणि अकादेमिया या दोन संग्रहालयांची तिकिटे काढून झाली असून तिसऱ्या दिवसाची सकाळ मोकळी आहे. ती सान मार्को या डॉमिनिकन नावाच्या ख्रिस्ती साधुसंघाच्या जुन्या, आता संग्रहालय असलेल्या मठात घालवावी, असे एका स्नेह्याने आग्रहाने सांगितले. त्याच्या सांगण्यावरून मी तेथील, फ्रा अँजेलिको या पंधराव्या शतकातील चित्रकाराच्या, भित्तिचित्रांची छायाचित्रे पाहिली आणि खरे सांगायचे तर साशंक झालो. चाळीसहून अधिक खोल्या, प्रत्येक खोलीत एक चित्र, आणि त्यांपैकी कितीतरी चित्रांत तोच क्रूस, तोच येशू आणि क्रुसापाशी गुडघे टेकलेला तोच साधू. ख्रिस्ती धर्मकथांचे माझे ज्ञान जुजबी आहे आणि पत्नीचे त्याहून थोडेसेच अधिक. पाचव्या-सहाव्या खोलीनंतर आम्ही हजेरी लावल्यासारखे पुढे सरकत राहू, अशी भीती वाटते. ज्यांनी हे संग्रहालय पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे, की कथा माहीत नसलेल्या माणसाला तेथे काय मिळते आणि सगळ्या खोल्या पाहणे आवश्यक आहे का?

ओला_गिलावा :
सगळ्या खोल्या पाहू नका. सात-आठ निवडा आणि त्यांच्या उंबऱ्यावर जरा वेळ थांबा.

तुमची शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर त्या वास्तूच्या वापरात दडलेले आहे. ही चित्रे एकापाठोपाठ एक पाहण्यासाठी काढलेलीच नव्हती. पहिल्या खोलीत राहणाऱ्या साधूला पहिल्या खोलीतले चित्र वर्षानुवर्षे, पहाटे आणि रात्री, दिसत असे; शेजाऱ्याच्या भिंतीवर काय आहे याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नव्हते. आपण मात्र तासाभरात चाळीस जणांची आयुष्यभराची सोबत पाहून बाहेर पडतो आणि वर सगळे सारखेच दिसते म्हणतो. शिवाय ही चित्रे काढणारा मनुष्य त्याच संघाचा दीक्षित साधू होता. पोप चौथा युजीन याने १४३६ साली हा मठ फिएसोले येथील डॉमिनिकन साधूंना दिला, फ्लॉरेन्सचा धनाढ्य सावकार कोझिमो दे मेदिची याच्या पैशातून मिकेलोत्झो या वास्तुविशारदाने त्याची पुनर्बांधणी केली आणि त्याच सुमारास फ्रा अँजेलिको आपल्या सहकाऱ्यांसह तेथील भिंती रंगवू लागला. म्हणजे ज्यांच्यासाठी तो चित्रे काढत होता त्यांच्याच पंगतीतला तो होता, आणि एकांतात बसलेल्या माणसाला कशाची गरज असते हे त्याला वेगळे विचारावे लागले नसावे.

क्रुसापाशी दिसणारा तो साधू म्हणजे संघाचा संस्थापक संत डॉमिनिक. नवदीक्षित तरुणांच्या खोल्यांत हाच प्रसंग मुद्दाम पुन्हा पुन्हा काढलेला आहे, परंतु तेथे क्रुसाकडे न पाहता डॉमिनिकच्या शरीराकडे पाहा. एका ठिकाणी त्याने चेहरा हातांनी झाकलेला आहे, एका ठिकाणी तो स्वतःच्या पाठीवर फटके मारून घेतो आहे, तर अन्यत्र हात पसरून उभा आहे. त्याच्या प्रार्थनेच्या नऊ पद्धती सांगणारी एक छोटी पोथी संघात प्रचलित होती, आणि प्रार्थनेच्या वेळी शरीर कसे ठेवावे याचे धडे या तरुणांना भिंतीवरून मिळत होते, असे अभ्यासक मानतात. एवढे ठाऊक असले की पुनरुक्तीचा कंटाळा येत नाही. उलट आपण फरक शोधू लागतो.

तरीही एकच खोली पाहायची असेल तर मी सातवी सांगेन. डोळ्यांवर पट्टी बांधलेला येशू पांढऱ्या चौथऱ्यावर बसला आहे आणि त्याच्याभोवती त्याची टवाळी करणारे आहेत. पण माणसे अशी नाहीतच. हवेत तरंगणारे काही हात आहेत, एका हातात काठी आहे, आणि थुंकणारे एक मुंडके एका हाताने टोपी उचलून खोटे अभिवादन करते आहे. खाली बसलेल्या दोघांपैकी एकही वर पाहत नाही: येशूची आई मारिया स्वतःच्या दुःखात बुडाली आहे आणि डॉमिनिक पुस्तक वाचतो आहे. छळाचा प्रसंग डोळ्यांपुढे घडत नसून तो वाचणाऱ्याच्या मनात घडतो आहे, हे समजण्यासाठी कोणतीही धर्मकथा आधी पाठ असावी लागत नाही. सुमारे १४४० सालचे हे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते इतके जुने आहे यावर माझा विश्वास बसेना.

जिना चढताच समोर येणारे मोठे चित्र, देवदूत गॅब्रिएल मारियेला येशूच्या जन्माची वार्ता देतो तो प्रसंग, तुम्ही छायाचित्रांत पाहिलेच असेल. त्याच्या खाली लॅटिनमध्ये सूचना लिहिली आहे, की या कुमारिकेच्या चित्रासमोर आलात की ‘आवे’, म्हणजे मारियेला वंदन करणारी प्रार्थना, म्हणायला विसरू नका. हे चित्र येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी होते, म्हणून त्यात बाग आहे, कुंपण आहे, रंगीबेरंगी पंख आहेत. तेथून तिसऱ्या खोलीत जा आणि तोच प्रसंग पाहा. बाग गेली, कुंपण गेले. उरली एक कोरी कमान, गुडघे टेकलेली मारिया आणि मागे गुपचूप उभा असलेला डॉमिनिकन संघाचा हुतात्मा संत पीटर मार्टर. एकाच चित्रकाराने एकच गोष्ट मार्गिकेत कशी सांगितली आणि एकट्या माणसाच्या खोलीत कशी सांगितली, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात, आणि माझ्या मते या संग्रहालयाचे मर्म त्या दहा मिनिटांत आहे.

एक व्यावहारिक गोष्ट: पूर्वेकडच्या मार्गिकेतील १ ते १० या खोल्यांतली चित्रे दरवाजासमोरच्या भिंतीवर, खिडकीच्या शेजारी आहेत. उजेड डोळ्यांवर येतो आणि चित्र क्षणभर फिकट वाटते. तेवढ्यावरून माघारी फिरू नका; नजर सरावू द्या.

जुनी_पाने :
वरील प्रतिसाद उत्तम आहे, मात्र त्यातून सान मार्को हे केवळ शांततेचे ठिकाण होते असा समज होईल, आणि तो इतिहासाला धरून नाही. फ्लॉरेन्सची सत्ता, पैसा आणि धर्म यांची ओढाताण याच भिंतींच्या आत झाली. ज्या कोझिमोने पैसा दिला त्याने स्वतःसाठी ३८ आणि ३९ क्रमांकाच्या जोडखोल्या राखून ठेवल्या आणि त्यांत पूर्वेकडच्या राजांनी बाळ येशूला भेटी आणल्याचा प्रसंग रंगवून घेतला. सावकारीच्या संपत्तीचा मनावरचा भार हलका करण्यासाठी त्याने हा खर्च केला असे परंपरेने सांगितले जाते. तरीही एकांतासाठी घेतलेल्या खोलीत श्रीमंतांचे दर्शनाला येणे चितारावे, यात मला मिस्कीलपणा दिसतो, मग तो चित्रकाराचा असो वा इतिहासाचा.

तेथून मिकेलोत्झोच्या ग्रंथालयात जा. खांबांच्या दोन रांगांनी तीन भागांत विभागलेले ते लांबट दालन आता जवळजवळ रिकामे आहे, आणि म्हणून लोक ते ओलांडून जातात. निकोलो निकोली हा ग्रंथप्रेमी १४३७ साली वारला, त्याच्या सुमारे ४०० हस्तलिखितांना कोझिमोने येथे आणले आणि ती वाचकांना खुली केली. प्रबोधनकालातील पहिले सार्वजनिक ग्रंथालय म्हणून या दालनाचा उल्लेख होतो.

मार्गिकेच्या टोकाला साव्होनारोलाच्या खोल्या आहेत. हा मठाधिपती मेदिची घराण्याचा कठोर टीकाकार होता. ७ फेब्रुवारी १४९७ रोजी त्याच्या अनुयायांनी आरसे, वेश, पुस्तके, चित्रे यांची होळी केली आणि २३ मे १४९८ रोजी त्याच शहराच्या मुख्य चौकात त्याला फाशी देऊन जाळण्यात आले. त्याच्या अटकेच्या वेळी जमाव मठावर चालून आला तेव्हा मठाची घंटा मदतीसाठी वाजवली गेली. त्या अपराधाबद्दल घंटेला जाहीर फटके मारून शहराबाहेर हद्दपार करण्यात आले, आणि ती परत आली १५०९ साली. ती तळमजल्यावर ठेवलेली आहे. तुमच्या पत्नीला चित्रांचा कंटाळा आला, तर ही गोष्ट तेथे उभे राहून अवश्य सांगा.

सकाळचा_पाहुणा :
थोडेच सांगतो. हे संग्रहालय बराच काळ दुपारी दोनच्या आधीच बंद होत आले आहे आणि काही रविवारी व सोमवारीही बंद असते, तेव्हा निघण्यापूर्वी त्या तारखेची वेळ अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या. अकादेमियापासून ते चालत काही मिनिटांवर आहे. जवळच सान्त’आपोलोनिया या पूर्वीच्या जोगिणींच्या मठात आंद्रेआ देल कास्तान्यो याचे १४४७ सालचे ‘शेवटचे भोजन’, म्हणजे येशूचे शिष्यांसोबतचे अखेरचे जेवण, हे चित्र आहे. सान मार्कोच्या लहान भोजनगृहातही गिर्लांदायोने हाच विषय रंगवला आहे. त्यात येशूचा विश्वासघात करणारा शिष्य ज्यूडास याच्या जवळ एक मांजर आपल्याकडे रोखून पाहत बसले आहे. दोन्ही एकाच सकाळी पाहिली तर तुलना चांगली होते.

दूरचा_प्रवासी :
सर्वांचे आभार. सकाळ आता ठरली. एक शंका उरली आहे. तळमजल्यावरील सभागृहातल्या क्रूसारोहणाच्या विशाल चित्रात आकाश तांबूस-राखाडी दिसते. ते शोकाचे चिन्ह म्हणून तसे रंगवले आहे, की मूळ रंग पालटला आहे?

ओला_गिलावा :
रंग गेला आहे. तेथे एके काळी निळे आकाश होते. खऱ्या भित्तिचित्रात चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावतात. गिलावा वाळताना चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा कठीण होतो आणि रंग त्यात अडकून राहतो. म्हणूनच एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच तुकडा गिलावतात, आणि तिरप्या उजेडात त्या तुकड्यांचे सांधे दिसू शकतात. अ‍ॅझुराइट या खनिजाचा निळा रंग मात्र ओल्या चुन्यात नीट टिकत नाही, त्यामुळे तो तांबूस अस्तरावर, भिंत वाळल्यानंतर, चिकट माध्यमात मिसळून वरून लावला जाई. असा थर पृष्ठभागावरच बसलेला असतो. येथे तो झडून गेला आणि आपल्याला दिसते ते बहुतांशी खालचे अस्तर. सभागृहात गेल्यावर आधी आकाशाच्या कडा, म्हणजे आकृत्यांना लागून असलेला भाग, निरखून पाहा.