मदत हवी आहे: १९५५ च्या चिंगफर्ड लाईनसाठी उपनगरी डब्यांचं कुठलं किट घ्यावं?

चिंगफर्ड_स्लो

नमस्कार मंडळी,

जन्म डोंबिवलीचा, सध्या मुक्काम वॉल्थमस्टो, म्हणजे लंडनचा ईशान्य कोपरा. लोकल काही सुटली नाही. रोज सकाळी चिंगफर्डहून येणारी गाडी पकडून लिव्हरपूल स्ट्रीटला जातो. याच लाईनवर नोव्हेंबर १९६० पर्यंत वाफेची इंजिनं लोकल ओढत होती हे कळलं आणि हा मॉडेल रेल्वेचा नाद लागला.

मागच्या खोलीत भिंतीलगत आठ फुटी फळी टाकली आहे. ओओ गेज, म्हणजे फुटाला ४ मिमी, रूळ १६.५ मिमीचे. काळ १९५५. स्टेशन काल्पनिक, पण याच लाईनवर कुठेतरी. फलाट ८० सेंमीचा. इंजिन आहे: ऑक्सफर्ड कंपनीचं एन७ वर्गाचं मॉडेल, काळं, दिसायला झकास. डब्यांपाशी मात्र गाडं अडलंय.

वाचून जेवढं समजलं ते असं. इथली खरी गाडी म्हणजे एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) या जुन्या कंपनीचे इंजिनियर ग्रेसली यांची क्विंट-आर्ट, म्हणजे पाच जोडडब्यांचा संच. डबे पाच, पण बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) दहा नाहीत, सहाच. शेजारच्या दोन डब्यांची टोकं एकाच बोगीवर टेकलेली. गर्दीच्या वेळी असे दोन संच जोडून दहा डब्यांची गाडी करायचे. माझ्याकडे एक संच लावायचीही पंचाईत, दोनाचं तर नावच नको.

म्हणून तीन सुटे डबे लावावेत असं मनात आहे. एलएनईआरचा ५१ फुटी नॉन-कॉरिडॉर डबा २०४ मिमीचा होतो. तीन डबे ६१ सेंमी, इंजिनाचे साधारण १४. फलाटावर बसतं. त्याऐवजी ब्रिटिश रेल्वेचे नंतरचे ५७ फुटी मार्क १ डबे घेतले तर तीन डबेच ६८ सेंमी, आणि इंजिनाचं नाक फलाटाबाहेर.

आता किट कुठलं? कर्कची जुनी प्लॅस्टिक किटं सेकंडहँड दिसतात. पितळी एचिंगवाली (आम्लाने कोरलेल्या पत्र्याची) आहेत, पण सोल्डरिंग मी फक्त इस्त्रीच्या वायरीचं केलंय. थ्रीडी प्रिंटही निघाली आहेत. नाहीतर सरळ हॉर्न्बीचे तयार ग्रेसली डबे घेऊन मोकळं व्हायचं.

एक कबुली. याआधी एक प्लॅस्टिक किट (कुणाचं ते सांगत नाही, चूक माझीच होती) बांधायला घेतलं होतं. प्लॅस्टिक चिकटवायचं सॉल्व्हंट सढळ हाताने लावलं, दोन्ही बाजू रबरबँडने आवळल्या आणि झोपायला गेलो. सकाळी डबा मधोमध आत ओढलेला, वरून पाहिला तर डमरू. बायकोने तो पेनं ठेवायला घेतलाय.

टेंडरवाला

आधी हॉर्न्बीचा प्रश्न निकाली काढू. तयार डबे छान आहेत, पण तुम्हाला बांधायचंय हे तुमच्या लिहिण्यातूनच दिसतंय. तसं नसतं तर कधीच घेतले असते.

मार्क १ सबर्बन विसरा असं मी म्हणणार नाही. बाखमन कंपनीचे तयार मिळतात, आणि खरे डबे १९५० च्या दशकात ईस्टर्न रीजनलाही (ब्रिटिश रेल्वेचा तुमच्याकडचा विभाग) आले होते. पण ते पोलादी, गुळगुळीत, नव्या काळाचे. एन७ च्या मागे ग्रेसलीचाच डबा शोभतो, हे माझं मत आहे, पुरावा नाही.

रंगाबद्दल विचारलं नाहीत, पण सांगतो, कारण इथे हमखास चुकतं. तुमच्या काळात कॉरिडॉरवाले डबे लाल-क्रीम दुरंगी, उपनगरी डबे मात्र नुसते क्रिमझन लाल, पट्टी नाही, रेघ नाही. मरून १९५६ पासून. म्हणजे रेघा मारायचं सगळ्यात किचकट काम तुम्हाला सरकारनेच माफ केलंय. फीनिक्स किंवा रेलमॅचचा क्रिमझन घ्या आणि आधी रेडऑक्साईड प्रायमर द्या. राखाडी प्रायमरवर तो लाल मेल्यासारखा दिसतो.

मुलुंड_फास्ट

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचायला मजा येतेय. एक बाळबोध प्रश्न: नॉन-कॉरिडॉर म्हणजे नक्की काय? या डब्यातून त्या डब्यात जाता येत नाही एवढंच?

टेंडरवाला

@मुलुंड_फास्ट, एवढंच नाही. डब्याच्या आत या खणातून त्या खणातसुद्धा जाता येत नाही. प्रत्येक खण म्हणजे समोरासमोर दोन बाकं आणि दोन्ही बाजूंना एकेक दार. चढलात की पुढच्या स्टेशनपर्यंत त्यातच. बहुतेक डब्यांत शौचालयही नाही. मार्क १ चा साधा सेकंड क्लास डबा घ्या: नऊ खण, एका बाकावर सहा जण, म्हणजे १०८ सीटा. आपल्याकडची चौथी सीट आठवा.

प्रत्येक खणाला स्वतःचं दार, म्हणून फलाटावर सगळी दारं एकदम उघडायची आणि गाडी झटक्यात रिकामी. १९२० मध्ये लिव्हरपूल स्ट्रीटहून गर्दीच्या वेळी तासाला २४ गाड्या वाफेवर सोडायला लागले, त्यात या दारांचा वाटा मोठा होता. वर्ग चटकन ओळखावा म्हणून दारांच्या वर रंगीत पट्टे मारले, फर्स्टला पिवळा, सेकंडला निळा. त्यावरून लोक त्याला 'जॅझ' सर्व्हिस म्हणायला लागले.

चिंगफर्ड_स्लो

म्हणजे मीही डब्यांना ते पिवळे-निळे पट्टे मारायचे का?

टेंडरवाला

नाही हो! ते जॅझचे सुरुवातीचे दिवस. तुमच्या १९५५ मध्ये फर्स्ट क्लाससुद्धा नाही. लढाईच्या काळात, ऑक्टोबर १९४१ मध्ये, लंडन भागातल्या लोकलमधून तो काढला तो काढलाच. किटात दारांवर लावायचा १ आकडा आला तर डबीत राहू द्या.

झारणताई

पितळेला घाबरू नका असं सांगायला आले होते, पण इस्त्रीची वायर वाचून विचार बदलला. :) पहिला डबा प्लॅस्टिकचाच करा.

तरी पितळेत काय असतं ते सांगते, म्हणजे पुढचं ठरवता येईल. एचिंगची बाजू येते ती सपाट पत्रा. खऱ्या डब्याची बाजू खाली जाताना आत वळते, त्याला टंबलहोम म्हणतात. तो बाक तुम्हाला द्यावा लागतो. मी पोळपाटावर जुन्या माऊसपॅडचा तुकडा ठेवते आणि त्यावर पत्रा लाटण्याने हलके हलके दाबत नेते. हसू नका, पोळपाट वेगळा ठेवलाय. घाई केली की नेमका दाराच्या बिजागरीपाशी पत्रा मुडपतो आणि तो डाग रंगातूनही दिसतो. पत्र्याला १४५ अंशांचं सोल्डर, व्हाईटमेटलच्या (लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूच्या) तुकड्यांना ७० अंशांचं. उलट केलंत तर व्हाईटमेटलचं पाणी.

तुमच्या डमरूचं कारण सॉल्व्हंट आणि रबरबँड दोन्ही. सॉल्व्हंट आतून, ब्रशच्या टोकाने, एका वेळी इंचभर. आणि बाजू लावायच्या आधी आत आडव्या भिंती बसवा. या डब्यांचा फायदाच हा की प्रत्येक खणाला भिंत आहे. ६० थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लॅस्टिकार्डच्या, म्हणजे प्लॅस्टिक पत्र्याच्या, भिंती एका मापाने कापा, खालचा कोपरा टंबलहोमच्या आकाराने घासा. मग आवळलंत तरी आत जायला जागा नाही.

चिंगफर्ड_स्लो

झारणताई, भिंतींचं डोक्यातच आलं नव्हतं. मी त्या शेवटी, छत लावताना, सरकवणार होतो. आता आधी भिंती.

थ्रीडी प्रिंटबद्दल कुणाचा अनुभव?

राळ_आणि_रूळ

मी इसिंगग्लास कंपनीचं एलएनईआर डब्याचं एक थ्रीडी किट बांधलंय. ज्या डायग्रामचे (आराखड्याचे) डबे प्लॅस्टिकमध्ये कुणीच काढणार नाही त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे. पण प्रिंट हातात आल्यावर आधी पृष्ठभाग बघा. थरांच्या रेषा सपाट पॅनेलवर घासून जातात, पण दाराच्या कडेच्या उंचवट्याशेजारी घासणं म्हणजे दातकोरण्याचं काम. प्रायमर मारा, घासा, परत प्रायमर. एक डबा, दोन रविवार.

क्विंटचाच हट्ट असेल तर एक युक्ती. फळीच्या एका टोकाला रस्त्याचा पूल टाका आणि फलाट पुलाखाली जाताना दाखवा. पाचातले पुढचे तीन डबे उजेडात, मागचे दोन पुलापलीकडे फिडल यार्डात (प्रेक्षकाला न दिसणारे, गाड्या ठेवायचे रूळ). प्रेक्षकाला अख्खी गाडी आल्याचा भास होतो, आणि मागच्या दोघांचे हँडल तुम्ही लावले नाहीत तरी कुणाला कळतंय.

टेंडरवाला

पूल उत्तम, पण सामायिक बोगीचं गणित आधी नीट घाला. पिन दोन्ही डब्यांच्या टोकांत बरोबर मध्यावर हवी, नाहीतर एका वळणावर ठीक आणि उलट वळणावर घसरणार. तुमचं सगळ्यात आवळ वळण किती?

चिंगफर्ड_स्लो

फिडल यार्डाकडे सेटट्रॅकचं (ठरावीक वळणांच्या तयार रुळांचं) दुसरं, ४३८ मिमी त्रिज्येचं. पूल मला आवडलाय. वॉल्थमस्टो सेंट्रलला (तेव्हाचं नाव हो स्ट्रीट, १९६८ पर्यंत) रस्ता असाच रुळांवरून जातो, रोज बघतो आणि सुचलं नाही.

टेंडरवाला

४३८ वर सुटे डबे जातील, जोडसंचाचा भरवसा नाही. तिथे आधी निदान ५७२ चं वळण टाका, मग क्विंट. तूर्त सुटेच.

आणखी एक: वजन. दर आसाला साधारण २५ ग्रॅम धरा, म्हणजे डब्याला १००. प्लॅस्टिकचा डबा त्याहून बराच हलका भरतो, बाकी शिसं बाकांखाली. चाकं १४ मिमीची, खरी साडेतीन फुटी असायची. किटात १२ मिमीची मालगाडीची चाकं निघाली तर डबा बसका दिसेल आणि कारण लवकर सापडणार नाही. बोगी एमजेटी कंपनीच्या घ्या.

ब्रेकबद्दल कुणी खुसपट काढायच्या आत सांगतो: जॅझ गाड्यांना वेस्टिंगहाऊसचा हवेचा ब्रेक होता, किटाच्या तळाशी बहुधा व्हॅक्यूम ब्रेकची सिलिंडरं येतील. दोन फुटांवरून मला दिसत नाही. ज्याला दिसतं त्याने खाली वाकावं.

मुलुंड_फास्ट

ठरलं काय मग? आता मलाच उत्सुकता लागलीय.

चिंगफर्ड_स्लो

ठरलं. कर्कची दोन ५१ फुटी किटं शोधतो, एक ब्रेक थर्ड (थर्ड क्लास आणि गार्डची जागा) आणि एक नुसता थर्ड क्लास. तिसरा डबा हॉर्न्बीचा तयार, म्हणजे रंग जुळवायला समोर नमुना राहील आणि निदान एक डबा तरी सरळ असेल. क्विंट पुढच्या वर्षी, वळण बदलल्यावर. पूल याच महिन्यात.

काल रात्री नुसता अंदाज घ्यायला कागदावर थर्डचा डबा काढून पाहिला. एका बाजूला नऊ दारं, दोन्हीकडची अठरा. दाराला एक टी-हँडल आणि एक उभा दांडा, म्हणजे ३६ तुकडे, त्यातले १८ दांडे ०.४५ मिमीच्या पितळी तारेचे स्वतः वाकवायचे. पहिला वाकवायला सात मिनिटं लागली, आणि तो चिमट्यातून उडून गालिच्यात गेला. ताई, सगळे एकाच मापाचे वाकवायला काही साचा करता का?

झारणताई

जुन्या स्टीलच्या पट्टीचा तुकडा दांड्याच्या उंचीएवढा घासून घ्या, त्याभोवती तार वळवा, दोन्ही पाय एकदम कापा. आणि चिमटा लावायच्या आधी दुसरं टोक ब्लूटॅकमध्ये खुपसा. अठरा लागत असतील तर पंचवीस करा.