नवी रॅम दिसत नसेल तर आधी स्लॉट तपासा

मालवणात ८ जीबीची दुसरी रॅम लावूनही पीसी एकूण ८ च दाखवतोय, म्हणून लगेच विंडोज पुन्हा टाकू नका. आधी बायॉस (पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी उघडता येणारा सेटिंगचा पडदा) बघा. तिथेही ८ च असेल तर विंडोजचा काही संबंध नाही. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेने स्लॉटच्या, म्हणजे रॅम बसते त्या खाचेच्या, पिनांवर थर धरतो, पावसाळ्यात तर फारच. वीज पूर्ण बंद करून नवी रॅम एकटीच जुन्या रॅमच्या स्लॉटमध्ये लावा. चालली तर संशय दुसऱ्या स्लॉटवर. त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेला मऊ ब्रश फिरवा, नीट सुकू द्या, मग खटका 'टक्' वाजेपर्यंत रॅम सरळ दाबा. अर्धवट बसलेली रॅम वरून अगदी बसल्यासारखीच दिसते. बायॉसमध्ये १६ आणि विंडोजमध्ये कमी असेल, तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या साधनामधली 'मॅक्सिमम मेमरी'ची खूण काढा.