जॅझचं गिऱ्हाईक ऑर्नेट कोलमनने पळवलं का?

खर्जातला

'जॅझ ऐकायला कुठून सुरुवात करू' या धाग्यावर एकताल यांनी परवा लिहिलं होतं : "१९५९ पर्यंतचं ऐका, पुढचं सोडून द्या. पुढे ऑर्नेट कोलमन आणि मंडळींनी नुसता गोंगाट घातला आणि जॅझचं गिऱ्हाईक पळवून लावलं." तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा. ऑर्नेट म्हणजे 'फ्री जॅझ' नावाच्या मोकळ्या जॅझची वाट काढणारा सॅक्सोफोनवाला.

मला हे साफ अमान्य आहे. गिऱ्हाईक आधीच गेलं होतं. जॅझ लोकप्रिय होतं ते नाचायचं संगीत होतं तोवर. १९४४ साली अमेरिकन सरकारनं नाचगाण्याच्या जागांवर आधी तीस आणि मग वीस टक्के कर बसवला. १९४६ च्या अखेरीस बेनी गुडमन, वुडी हर्मन, टॉमी डॉर्सी यांनी आपापले बँड मोडले, कारण वीस-वीस माणसांचे पगार परवडेनात. त्याच सुमारास बीबॉप आलं, म्हणजे बसून ऐकायचं वेगवान जॅझ, त्यावर नाचता येत नव्हतं. १९५६ मध्ये रॉक अँड रोलवाला एल्व्हिस आला आणि तरुण पोरं तिकडे वळली. ऑर्नेट न्यू यॉर्कला पोचला १९५९ च्या नोव्हेंबरात. तोवर पंगत उठून गेली होती.

उलट ऑर्नेटनं लोक खेचले. फाइव्ह स्पॉट क्लबचं बोलावणं दोन आठवड्यांचं होतं, ते लांबत अडीच महिन्यांवर गेलं. लेनर्ड बर्नस्टाइनसारखा ऑर्केस्ट्राचा संचालक ऐकायला आला आणि भारावून गेला. 

आता गोंगाटाबद्दल. ऑर्नेटचं 'लोनली वुमन' ऐका, १९५९ सालचं, पाचेक मिनिटांचं. सुरुवातीला बिली हिगिन्स झांजेवर भरधाव लय धरतो. चार्ली हेडनचा बेस एक स्वर धरून ठेवतो आणि शेजारच्या तारेवर दुसरा हलवत राहतो. वर ऑर्नेटचा सॅक्सोफोन आणि डॉन चेरीचा छोटा ट्रम्पेट एक संथ, रडवेली धून घेऊन येतात, आणि ती धून खालच्या लयीला बांधलेलीच नाही. खाली घोडा पळतोय आणि वर कुणीतरी सावकाश विलाप करतंय. दोघं कुठे भेटणार हे मोजून सांगता येत नाही, पण भेटतात, दर वेळी. हा गोंगाट असेल तर मग मला गोंगाटच आवडतो.

त्यानं मोडलं काय? बीबॉपमध्ये बत्तीस बारचं (बार म्हणजे मोजक्या मात्रांचा खंड) गाणं असायचं, त्याच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरगट, ठरलेल्या. सोलो कितीही भन्नाट घ्या, त्या कॉर्डना धरूनच घ्यायचा, आणि बत्तीस संपले की पुन्हा पहिल्यापासून. ऑर्नेटनं मुखडा ठेवला, कॉर्डचं आवर्तन काढलं. पियानोच घेतला नाही, म्हणजे कॉर्ड दाखवून देणारं कोणी नको. सोलो धुनेतून निघेल तसा वाढेल आणि बेसवाला ऐकून त्याच्याबरोबर जाईल. हे सोपं वाटत असेल तर चार मित्र जमवून करून बघा.

एकताल

माझं वाक्य उचललंत, छान. मागे घेत नाही.

गिऱ्हाईक आधी गेलं असेल, कबूल. पण जे उरलं होतं ते कशाचं होतं? क्लबात बसून, एक पेग घेऊन, कान देऊन ऐकणाऱ्यांचं. ते या लोकांनी घालवलं. आणि बाहेरच्यांचं सोडा, घरच्यांनाही पटलं नव्हतं. रॉय एल्ड्रिजसारख्या दिग्गज ट्रम्पेटवाल्यानं ऑर्नेटला नशेत ऐकलं, शुद्धीत ऐकलं, त्याच्याबरोबर वाजवूनही पाहिलं आणि शेवटी म्हणाला की हा गंडवतोय. दुसरा मोठा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्यानंही वाभाडे काढले. ही माणसं अडाणी नव्हती.

सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनचंच घ्या. १९६५ च्या जूनमध्ये अकरा वादक जमवून 'असेन्शन' केलं, चाळीस मिनिटं. त्या वर्षाच्या अखेरीस त्याचा स्वतःचा पियानोवाला मॅकॉय टायनर सोडून गेला, कारण त्याला आपलाच पियानो ऐकू येईना. पाठोपाठ ड्रम्सवाला एल्विन जोन्स गेला. जगातली सर्वोत्तम चौकडी मोडली आणि आपण त्याला क्रांती म्हणायचं?

कोणीतरी येऊन आलापाचं उदाहरण देणारच, म्हणून आधीच सांगतो. आलापाला ताल नसतो, पण षड्ज असतो. मागे तानपुरा चालू असतो. गवई कितीही लांब गेला तरी घर कुठे आहे ते श्रोत्याला माहीत असतं. इथे घरच नाही. नाचता येईना अंगण वाकडं असं मी ऑर्नेटला म्हणणार नाही, त्याला येत होतं. त्याच्यामागून आलेल्या निम्म्यांना म्हणेन.

चहाटळ

आमच्याकडे 'असेन्शन' लावलं तर सासूबाई आतून ओरडल्या, "मिक्सरचं झाकण नीट बसलं नाहीये बघ."

चालू द्या.

बोरीबंदर

एकताल यांच्याशी निम्मा सहमत, पण आलापाचा मुद्दा त्यांनी उलटा लावलाय. 'लोनली वुमन'मध्ये हेडनचा धरून ठेवलेला स्वर म्हणजे घर नाही तर काय? ऑर्नेटनं कॉर्ड टाकल्या, स्वराचं केंद्र दर वेळी टाकलं नाही. त्याच्या १९६० च्या 'फ्री जॅझ' या रेकॉर्डमध्ये दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतात, एक डाव्या स्पीकरमध्ये, एक उजव्या. सदतीस मिनिटं. तिथेही प्रत्येकाच्या सोलोआधी ठरवलेला छोटा मुखडा येतो आणि खालची लय बहुतेक वेळ सरळ चालते. हेडफोन लावून एक कान झाकून ऐका, मग दुसरा. अर्धी भीती तिथेच जाते.

आणि यातले काहीजण आपल्या संगीताकडे आलेच होते, ते ओढूनताणून आणायला नको. डॉन चेरी पंडित प्राणनाथांकडे शिकला, ते किराणा घराण्याचे. कोल्ट्रेननं रविशंकरांशी ओळख ठेवली, १९६५ साली झालेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं. सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स, जो ऑर्नेटच्या धक्क्यानं हलला आणि १९६२ मध्ये त्याचेच दोन साथीदार घेऊन बसला, तो त्याच दशकाच्या अखेरीस आपल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता. पुढे १९७८ च्या पहिल्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात मुंबईत वाजवूनही गेला.

मुंबईत मात्र हे रुजलं नाही, का ते सांगतो. इथले जॅझवाले बहुतेक गोव्याचे, लहानपणी चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचायला शिकलेले. पोट हॉटेलातल्या नाचावर आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगवर. ब्राझ गोन्साल्विससारखा सॅक्सोफोनवर राग वाजवून बघणारा एखादा. पण टेबलावर जेवायला बसलेल्या पाहुण्यांसमोर अल्बर्ट आयलरचा किंचाळता सॅक्सोफोन वाजवला तर दुसऱ्या दिवशी नोकरी जाणार. वाजवणार कोण?

खर्जातला

@एकताल, माइल्सचा दाखला तुम्ही द्यायला नको होता. ज्यानं १९६० च्या सुमारास ऑर्नेटला नावं ठेवली त्याच्याच १९६६ च्या 'माइल्स स्माइल्स' या रेकॉर्डमध्ये पियानोवाला हर्बी हँकॉक सोलोच्या मागे कितीतरी वेळ कॉर्ड देतच नाही, हात काढून बसतो. मग मोकळ्या जागेत सॅक्सोफोन, बेस आणि ड्रम्स. हे कुठून आलं? शिव्या एका तोंडानं आणि उसनवारी दुसऱ्या.

"निम्म्यांना येत नव्हतं" हे तर फारच झालं. नावं घ्या ना. पियानोवाला सेसिल टेलर न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला. एरिक डॉल्फी बास क्लॅरिनेट, बासरी, आल्टो सॅक्सोफोन तिन्ही वाजवणारा. सेसिलची पहिली रेकॉर्ड १९५६ ची, म्हणजे ऑर्नेटच्याही आधी, आणि त्यानंतर कामच मिळेना म्हणून या माणसानं भांडी घासली. 'युनिट स्ट्रक्चर्स' १९६६ ला आली. पियानोवर मूठ, कोपर सगळं चालतं, पण नीट ऐकलंत तर तोच आकार पुन्हा वेगळ्या उंचीवर येतो. ते गंडवणं नाही, पाठांतर आहे.

नाक्यावरचा

तुम्ही सगळे कॉर्डवर भांडताय. हे कुणी आणि कधी वाजवलं ते बघा की.

१९६० ते १९७० ही अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याची वर्षं. क्लब गोऱ्यांचे, रेकॉर्ड कंपन्या गोऱ्यांच्या, मासिकातले समीक्षक बहुतेक गोरे. १९६१ मध्ये कोल्ट्रेन आणि डॉल्फीला 'डाउनबीट'च्या समीक्षकानं 'जॅझविरोधी' ठरवलं, आणि दोघांना पुढच्या वर्षी त्याच मासिकात बसून उत्तरं द्यावी लागली. काळ्या माणसानं स्वतः घडवलेल्या संगीतात जॅझ काय नि काय नाही हे ठरवणारे हे कोण? सॅक्सोफोनवाल्या आर्ची शेपनं अॅटिका तुरुंगातल्या उठावावर आख्खी रेकॉर्ड काढली, १९७२ ला. त्याच १९७२ मध्ये आपल्याकडे मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. तेव्हा तिच्या कवींच्या भाषेलाही सदाशिव पेठी अभिरुचीनं हेच म्हटलं होतं, ही कविताच नव्हे. 'गोंगाट' हा शब्द कोण कुणाला लावतं ते तपासा.

एकताल

@नाक्यावरचा, राजकारण बरोबर असलं म्हणून गाणं चांगलं होत नाही. आणि रॉय एल्ड्रिज काळाच होता. माइल्सही. त्यांची नापसंती कोणत्या पेठेत बसवणार?

नाक्यावरचा

बसवत नाही. पण एल्ड्रिज जुन्या पिढीचा, त्याला बीबॉपही फारसं पचलं नव्हतं. काळा असला म्हणून वय चुकत नाही.

शिकागोकर

उशिरा आलो. इथे अजून शिकागोचं नाव कसं आलं नाही? तुम्ही सगळे न्यू यॉर्कात अडकलात.

१९६४ च्या ऑक्टोबरात ट्रम्पेटवाल्या बिल डिक्सननं न्यू यॉर्कच्या एका कॅफेत चार दिवस हे नवं संगीत मांडलं, नाव दिलं 'जॅझमधली ऑक्टोबर क्रांती'. त्यातून वादकांचा संघ निघाला तो लवकरच फुटला. शिकागोत १९६५ मध्ये मुहाल रिचर्ड एब्रम्स आणि सोबत्यांनी जो संघ काढला तो अजून चालू आहे. 'असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स', सगळे आद्याक्षरांनीच म्हणतात, एएसीएम. अट अशी की कार्यक्रमात स्वतःच्याच रचना वाजवायच्या. क्लबमालकाच्या दारात उभं राहायचं नाही, हॉल आपण घ्यायचा, तिकिटं आपण विकायची, वस्तीतल्या मुलांना फुकट शिकवायचं. संगीत मोकळं, संघटना काटेकोर. माझ्या मते या चळवळीची खरी कामगिरी ही, ऑर्नेटच्या सोलोइतकीच मोठी.

यातूनच आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो निघालं. १९६९ मध्ये ते पॅरिसला गेले कारण घरी पोट भरत नव्हतं. स्टेजवर चेहरे रंगवलेले तिघं, लेस्टर बोवी मात्र डॉक्टरचा पांढरा कोट घालून ट्रम्पेट वाजवणार. सॅक्सोफोनच्या ढिगाबरोबर घंटा, शिट्ट्या, सायकलचे भोंगे. मधेच दहा सेकंद शांतता, मग एखादी रांगडी कवायतीची धून. एकताल, तुम्हाला अख्खा वेळ आरडाओरडा वाटतो ना, यांची शांतता ऐका. अँथनी ब्रॅक्स्टननं त्याच १९६९ च्या सुमारास फक्त एकट्या आल्टो सॅक्सोफोनची दोन रेकॉर्डची जोडी केली, सोबत कोणी नाही. याच मंडळींतल्या हेन्री थ्रेडगिलला २०१६ चं संगीताचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. ऑर्नेटला २००७ चं.

एकताल

पुलित्झर म्हणजे समितीची पसंती, गिऱ्हाइकाची नव्हे. माझा मूळ मुद्दा गिऱ्हाइकाचाच होता, आणि तुम्ही स्वतःच सांगताय की पॅरिसला जावं लागलं, भांडी घासावी लागली. माझंच म्हणणं झालं की हे.

शिकागोच्या संघाबद्दल मात्र माहीत नव्हतं इतकं. ते ऐकेन.

बोरीबंदर

भांडी घासावी लागली यावरून संगीत वाईट ठरत असेल तर अर्ध्या घराण्यांचा निकाल लागला.

आयलर राहिला बघा. १९६४ चं 'स्पिरिच्युअल युनिटी', तीनच माणसं, अर्ध्या तासाचंही नाही. 'घोस्ट्स'ची धून शाळकरी पोरानं म्हणावी इतकी सोपी, चर्चची आणि बँडबाजाची सरमिसळ. ती म्हणून झाली की त्याचा सॅक्सोफोन किंचाळायला लागतो, पण धून डोक्यात इतकी बसलेली असते की किंचाळ्यांतही तीच ऐकू येते. कोल्ट्रेन १९६७ च्या जुलैत चाळिसाव्या वर्षी गेला तेव्हा अंत्यविधीत आयलरनं वाजवलं, ऑर्नेटनंही. कोल्ट्रेनचा शब्द अखेरचा मानत असाल तर त्यानं कुणाला मानलं तेही बघा.

खर्जातला

@एकताल, 'असेन्शन'बद्दल एक गोष्ट तुम्हाला टोचेल. त्या दिवशी दोन टेक झाले, म्हणजे तेच दोनदा वाजवून रेकॉर्ड केलं. रेकॉर्ड बाजारात आली ती एका टेकची. कोल्ट्रेनला दुसरा हवा होता, म्हणून पुढच्या प्रतींवर गाजावाजा न करता टेक बदलला. मुखपृष्ठ तेच, फक्त रेकॉर्डच्या आतल्या कडेला 'एडिशन टू' कोरलेलं. पहिल्यात एल्विन जोन्सचा ड्रम्सचा सोलो आहे, दुसऱ्यात नाही. सोलोंचा क्रमही वेगळा. नुसता गोंगाट असता तर कोणता गोंगाट बरा यावर कुणी अडून बसलं असतं का?

एकताल

अडून बसला म्हणजे त्याला फरक कळत होता. मला कळतो का, हा प्रश्न उरतोच. दोन्ही टेक टाका इथे, रविवारी ऐकतो. आवडलं नाही तर तसंच लिहीन, मुलाहिजा ठेवणार नाही.

चहाटळ

सासूबाईंनाही विचारून ठेवतो कोणती एडिशन होती.