दापोलीत दोन एकर घेऊन 'जग बुडालं तरी तरणार'? आधी मे महिना काढून दाखवा

कातळसडा:
परवा इथे एकाने ठोकून दिलंय: "दापोली तालुक्यात ३५०० मिमी पाऊस. दोन एकर घ्या, बोअर मारा, सोलर लावा. साथ येवो, युद्ध होवो, बाहेरून काही आणायला नको." खाली टाळ्याच टाळ्या.

पाऊस पडतो म्हणजे पाणी असतं, हे कोणी सांगितलं? इथला जांभा दगड म्हणजे चाळण. ऑगस्टात वाकून कळशी बुडेल एवढी भरलेली विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते, कारण पाणी जांभ्याखालच्या चिकणमातीवरून सरकत वहाळात उतरतं. बोअरला खालच्या काळ्या दगडात फट लागली तर पाणी, नाही तर नुसती धूळ. खाडीकाठी लागलंच तर मचूळ. जमीन बघायची तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात. विहिरीत दोरी सोडून पाणी मोजा, उपसून परत भरायला किती तास लागतात ते बघा, शेजारी हंडे कुठून आणतात ते विचारा. श्रावणातली हिरवळ बघून इसार देणाऱ्याला देव तारो.

शिवाय सातबारा. सामायिक क्षेत्र, दहा वारस, निम्मे मुंबईला. एक सही राहिली की व्यवहार लोंबकळला. आणि तुम्ही शेतकरी नसाल तर कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, ते वेगळंच.

माडाखाली:
विहीर आटते म्हणून तालुकाच बाद? छप्पर आहे ना? १०० चौ. मीटर छपरावर वर्षाला साडेतीन लाख लिटर पडतं, गळतीउडती सोडून पावणेतीन लाख हाती येतं. चार माणसं, माणशी ४० लिटर, अर्ध्या ऑक्टोबरपासून अर्ध्या जूनपर्यंतचे २४० दिवस: ३८,४०० लिटर. आतून ५ मीटर व्यासाची, २.१ मीटर उंच फेरोसिमेंटची टाकी बांधा, विषय संपला.

टाक्या फुटतात त्या घाईने. जाळीवर गिलावा चढवला की दोन आठवडे ओली पोती गुंडाळून ठेवायची. तिसऱ्या दिवशी ऊन दाखवलं की केसाएवढ्या भेगा पडतात आणि दिवाळीपर्यंत टाकी अर्धी. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, त्यात वर्षभराची पानं नि माकडांची घाण असते. आषाढात छप्पर धुऊन निघालं की मग नळी टाकीला जोडा. झाकण असं की उजेड आत जाता कामा नये, नाही तर शेवाळ. तरी डासांची भीती वाटली तर गप्पी मासे सोडा.

कातळसडा:
गाय कुठे बांधलीत? दिवसाला ५०-६० लिटर पिते. २४० दिवसांचे बारा-चौदा हजार धरा. शेणखताशिवाय शेती करणार असाल तर बोलणंच खुंटलं.

नाचणीची_भाकर:
पाण्याचं भांडण चालू द्या, पण खाणार काय? चौघांना वर्षाला चार क्विंटल तांदूळ म्हणजे सव्वासहा क्विंटल भात. गुंठ्याला ३० किलो धरा, वीसएक गुंठे झाले. ठेवायचं भातच, तांदूळ नाही; भरडून ठेवलेत तर पावसाळी दमटपणात टोके पडलेच. दाणा दाताखाली टक्कन फुटेपर्यंत वाळवा, मग कणगीत. कणगी दगडांवर, भिंतीपासून हातभर लांब. वीज गेली की गिरण बंद, तेव्हा घिरटीवर, म्हणजे भात भरडायच्या हातजात्यावर, भरडायचं. घिरट कोणाकडे आहे? शोपीस म्हणून अंगणात ठेवलेली धरायची नाही.

भातानंतर त्याच ओलीवर कुळीथ आणि कडवे वाल. मीठ, गूळ, औषधं विकतच. ही यादी त्या पोस्टीत कुठे आहे?

वांदरपीडित:
वाल म्हणालात? शेंग भरली की टोळी हजर! तुमचा सगळा हिशेब वांदरं आणि केलडी (माकडं) सोडून केलेला आहे. नारळ कोवळे असतानाच खाली, केळीचा लोंगर अर्धा कुरतडलेला, परसातला भोपळा टाकलेला.

माडाखाली:
कुंपणाच्या तारांना झटका मशीन लावा, विजेचा झटका बसला की पळतील. किती रडाल?

वांदरपीडित:
लावलंय कधी हाताने? तारा डुकरांसाठी चालतात: पहिली जमिनीपासून वीतभर, दुसरी दीड फुटावर. पावसात गवत तारेला टेकलं की झटका मातीत, म्हणून दर आठ दिवसांनी खालून साफ करायचं. मार्च-एप्रिलात माती सुकते, अर्थिंग धरत नाही. रॉडच्या मुळाशी पाणी ओतत बसा. आधीच पाण्याची बोंब! आणि वांदर तारेवरून चढत नाही, आंब्यावरून थेट आत उडी मारतो. कुंपणाभोवती पंधरा-वीस फुटांतल्या फांद्या तोडल्या तरच उपयोग. म्हणजे आंब्याची कलमं छाटा. छाटाल?

नाचणीची_भाकर:
मग हळद लावा, सुरण लावा. त्याला तोंड लावत नाहीत.

वांदरपीडित:
हळद खाऊन पोट भरतं का ताई?

कातळसडा:
मूळ मुद्दा वाहून गेला.

वांदरपीडित:
अहो, हाच मूळ मुद्दा आहे! पीक पोसायला लागल्यापासून कापणीपर्यंत सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एक माणूस राखणीला. चौघांतला एक गेला. एक गुराकडे, एक पाण्याकडे. दहा दिवसांत लावणी उरकायची असते, ती कोण करणार? गावात हातावर मोजण्याइतकी तरुण माणसं उरलीत. कमी आहेत ती माणसं, एकर नव्हे.

माडाखाली:
बरं बाबा, माणसांचं मान्य. पण सोलरला नावं ठेवू नका. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाईलचे टॉवर मुके. सोलरवाल्यांकडे दिवा तरी होता.

कातळसडा:
ज्यांची पॅनलं वाऱ्याने उडाली नाहीत त्यांच्याकडे. आणि एक किलोवॉटला उन्हात चारेक युनिट मिळतात. जुलैच्या झडीत दिवसाला एकही मिळेल याची खात्री नाही. दिवे आणि मोबाईल चालतील, पंप नाही. लाकडं मेअखेर पडवीत रचलेली हवीत, आगपेट्या बरणीत. ती रास उपसताना हातमोजे आणि टॉर्च. फुरसं, विषारी साप तो, लाकडाखालीच बसतं, आणि त्याचं विष मंत्राने उतरत नाही. घरापासून लस मिळेल त्या रुग्णालयापर्यंत पावसाळी रात्री किती वेळ लागतो, मधली साकवं (छोटे पूल) पाण्याखाली जातात का, तेही जमीन घेण्याआधी बघा. खेडचा रस्ता बंद झाला की तालुक्याचा माल कसा अडतो तेही.

माडाखाली:
म्हणजे टाकी बरोबर, बाकी मी चूक. ठीक. मेमध्ये दोरी घेऊन येतो, विहीर दाखवा.

वांदरपीडित:
येताना गलोल आणा. दोरीचं मग बघू.